पाचवी गोळी

गच्चीवरची डिश मराठी बातम्यांसाठी आणली होती. ओमानमधलं हे सोहार सोडून कायमचं गावी निघालेल्या एका मल्याळी कुटुंबाकडून मी ती घेतली आणि घासाघीस करता करता तिच्याबरोबर इस्त्रीचं टेबल आणि कढीपत्त्याची कुंडीही पदरात पाडून घेतली. नवरा गच्चीत उन्हात उभा राहून डिश फिरवत होता, मी खाली टीव्हीसमोर.

"आलं का?" तो वरून.

"मुंग्या!" मी खालून.

"आता?"

"मुंग्याच!"

मराठी बातम्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. एकाएकी मुंग्या गेल्या आणि पडदा पांढराशुभ्र झाला. मला वाटलं, टीव्ही जळाला. मग त्या पांढऱ्यात झाडं दिसायला लागली आणि झाडांमधून पाठीवर बंदूक बांधलेल्या बायका घसरत घसरत पुढे आल्या. कोणी तरी जर्मन भाषेत जीव तोडून ओरडत होतं.

मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. गालगुंडं झाली होती म्हणून सोफ्यावर, गळ्याभोवती माझी ओढणी गुंडाळून. मी रिमोट उचलला तर म्हणाली, "आई, राहू दे ना. प्लीज."

राहू दिलं. ते असं राहिलं की पुढची दहा वर्षं नोव्हेंबर ते मार्च आमच्या घरात संध्याकाळी बर्फच असायचा. बाहेर एसीचं पाणी टपकतंय, मशिदीच्या कोपऱ्यावर पोरं अनवाणी फुटबॉल खेळतायत, आणि आत आम्ही मायलेकी बर्फ बघतोय.

खेळाचं नाव बायॅथलॉन. बर्फावर स्की लावून जीव खाऊन पळायचं, मग पळता पळता थांबून पाठीवरची बंदूक काढायची आणि लांबच्या पाच काळ्या ठिपक्यांवर पाच गोळ्या मारायच्या. आधी पालथं पडून, पुढच्या वेळी उभं राहून. लागली की काळा ठिपका पांढरा होतो. चुकली की बाजूच्या छोट्या वळणावर जास्तीचा फेरा मारायचा, मग पुढे. मुलगी त्याला शिक्षेचा फेरा म्हणायची. घाई केली तर नेम जातो, नेम धरत बसलं तर वेळ जातो. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?

लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्याकडे शिवणकाम सोडून काही नव्हतं. नवरा बंदरात क्रेन चालवतो. चांगला माणूस आहे, पण भांडायला नको म्हणून दुकानदार सांगेल ते देणारा. मी बेडरूममध्ये मशीन टाकून शाळेतल्या शिक्षिकांचे ब्लाउज शिवायला लागले. मग एका कारखान्याच्या परचेसवाल्याला गाठलं आणि कामगारांच्या डांगऱ्यांची ऑर्डर मिळवली. डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढे चेन असलेला कामाचा कपडा. तो माणूस मला बघून हसला होता, "भाभीजी, ये ब्लाउज नहीं है." मी म्हटलं, "पहनके देखो, फिर बोलो." आज औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर माझी शिवण आहे. गाळा आहे, मशिनींची रांग आहे, लायसन्स अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या, नावावर असलं तरी हुकूम माझा चालतो. पाटीवर मुलीचं नाव आहे.

म्हणून माझी नजर आधी कपड्यावर जाते. त्या बायकांचे अंगाबरोबर बसलेले कपडे, दंडावरचा तो पट्टा जो बंदुकीला अडकवून नेम स्थिर करायचा, बंदूक पाठीला बांधायचा पट्ट्यांचा साज. त्या पहिल्या दिवशी एकीचा साज तिला मोठा होता. बंदूक पाठीवर हिंदकळत होती. नवखी होती, विशीतली, गाल लाल, नाकातून पाणी. मी म्हटलं, "हिचे पट्टे कोणी शिवलेत? खांद्यात दोन बोटं आत घ्यायला हवेत." मुलगी गालगुंडं विसरून हसली आणि कळवळली.

ती नवखी मुलगी जर्मनीची होती. ती आमची झाली ती त्या दिवसापासून.

तिची एक खोड होती. चार गोळ्या टपटप मारायची, शेजारणींच्या आधी. ठिपके पांढरे, पांढरे, पांढरे, पांढरे. आणि पाचवीला अडायची. बोट ट्रिगरवर, श्वास रोखलेला, आणि गोळी काही सुटायची नाही. उभं राहून मारताना तर जास्तच. जितकं थांबावं तितके पाय थरथरायला लागतात, हे टीव्हीवरसुद्धा दिसायचं. शेजारणी बंदुका पाठीवर टाकून निघून जायच्या, ही अजून तिथेच.

"मार की मेले!" मी ओरडायची.

"आई, तिला ऐकू येत नाही."

"येतं बरोबर. मुद्दाम करते."

आमचा खेळ असा होता की ती नेमबाजीला आली की आम्ही आपसात घासाघीस करायची. मी म्हणायची तीन लागतील, मुलगी म्हणायची पाच. मी म्हणायची बरं, साडेतीन. ती म्हणायची, "आई, साडे नसतं!" जी हरेल तिने चहा करायचा. भाव कसा पाडायचा हे ती अशी शिकली. आणि सूकमध्ये, इथल्या बाजारातही शिकलीच. आमची तिथली पद्धत ठरलेली होती. कापडाचा ठाण हातात घ्यायचा, नाक मुरडायचं, आपला भाव सांगायचा आणि दुकानदार हटला नाही की ठाण खाली ठेवून पाठ फिरवायची. मागे वळून बघायचं नाही. उंबऱ्याशी पोचेपर्यंत हाक येते. "भाभी, भाभी, अरे सुनो तो!" मुलगी लहान असताना तिचं काम होतं माझा हात ओढून "आई चल ना घरी" असं रडक्या आवाजात म्हणायचं. इतकं बेमालूम करायची की एका शेठने तिला खजूर देऊन गप्प केलं होतं. जो पहिला बोलला तो हरला. या एका नियमावर मी गाळा उभा केला आहे.

त्या जर्मन मुलीचं नाव हळूहळू वर यायला लागलं. पहिल्यांदा ती तिसरी आली तेव्हा मुलीने नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "कोणाचं लग्न ठरलं?" पुढच्या वर्षी ती एका पाठलागाच्या शर्यतीत पहिली आली. त्या शर्यतीत आधीच्या दिवशी जिंकलेली पुढे सुटते आणि बाकीच्या मागून तिला गाठतात. आमची खूप मागून सुटली होती. शेवटच्या नेमबाजीला पुढच्या तिघी एकामागून एक चुकल्या आणि ही पाचव्या गोळीला अडलीच नाही. मारून मोकळी. मी उठून सोफ्यावर उभी राहिले. माझं वय तेव्हा नाचण्याचं नव्हतं. काही काळ तिच्या अंगावर पिवळी बंडी होती. सगळ्यांत जास्त गुण असलेलीला ती मिळते. शिवण साधीच होती, बाजूला इलॅस्टिक. पण मी तशी एक मुलीसाठी शिवून टाकली.

त्याच सुमाराला मुलीला चाकांचे बूट घेऊन दिले होते. समुद्रकाठच्या फरसबंदीवर ती फिरायची. मग तिला बंदूकही हवी झाली. मी डांगऱ्यांच्या उरलेल्या निळ्या कापडाचा साज शिवला, त्यावर रात्री चमकणारी चंदेरी पट्टी लावली आणि त्यात झाडूचा दांडा अडकवून दिला. खांद्यात बरोबर बेतलेला, हिंदकळायचं नाव नाही. संध्याकाळी फिरायला आलेल्या बुरखेवाल्या बायका थांबून बघायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. पोरगी पाठीवर झाडू घेऊन सोहारच्या किनाऱ्यावर जर्मनीसाठी पळत होती.

जर्मन भाषा ती त्या टीव्हीवरून उचलायला लागली. आधी आकडे, मग "चूक", "बरोबर", "वारा". मग फोनवर काय काय लावून शिकायला लागली. शाळेत इंग्रजी, घरात अडखळत मराठी, आणि टीव्हीसमोर ही तिसरीच. मला बरं वाटायचं. फुकटात भाषा मिळतेय, कोण नको म्हणेल? तीच मला सांगायची, "आई, ती कस्टममध्ये नोकरी करते. म्हणजे तिथलं कस्टमच तिला पगार देतं, ती फक्त ट्रेनिंग करते."

माझं कापड तेव्हा बंदरात अडकलं होतं. मी म्हटलं, "मग तिला म्हणावं, आधी माझा कंटेनर सोड."

मग तिचे वाईट दिवस आले. एका मोठ्या स्पर्धेच्या रिलेत चौघी जणी एकीमागून एक पळत होत्या. रिलेत पाच गोळ्यांवर तीन जादा मिळतात, पण त्या एकेक हाताने भरायच्या. आमची तिसरी पळाली. तिच्या देशाचा संघ पुढे होता. उभ्या नेमबाजीत तिने चार मारल्या आणि पाचवा ठिपका काळाच राहिला. जादा गोळी भरली, चुकली. दुसरी. हात गारठलेले, गोळी खाली बर्फात पडली. तिसरी. शिक्षेच्या फेऱ्यावर गेली तेव्हा तिच्याकडे मला बघवेना. पदक गेलं. मुलाखतीत माणसाने काही तरी विचारलं आणि ती नुसती मान हलवत राहिली.

"काय विचारलं त्याने?"

मुलगी म्हणाली, "तो म्हणतो, पाचव्या गोळीला तू कसला विचार करतेस?"

"त्याला म्हणावं, तू मारून बघ!" मी उशी फेकली. ती फुलदाणीला लागली.

त्यानंतर ती आजारी पडली. घशाचं काही तरी, बरं होईना. दोन हिवाळे दिसलीच नाही. मुलीने शोधून काढलं की ती दुय्यम दर्जाच्या शर्यती पळतेय, ज्या टीव्हीवर दाखवत नाहीत. मग आम्ही मुलीच्या फोनवर नुसते आकडे बघत बसायचो. आपलं नाव वर सरकलं की खाली, एवढंच. चित्र नाही, आवाज नाही. तरी मी चहाची पैज लावायची.

ती परत मोठ्या शर्यतींत आली तो हिवाळा मला पूर्ण आठवतो, कारण माझ्या घरात कोणी मला न विचारता सौदा केला तो त्याच हिवाळ्यात.

मुलीची बारावी होऊन एक वर्ष झालं होतं. ती गाळ्यात बसत होती, हिशेब बघत होती. मला वाटत होतं, झालं. मी पुण्याला कपड्यांच्या डिझाइनच्या कॉलेजात सगळं ठरवून ठेवलं होतं. शिकून येईल, गाळा वाढवू, शाळांचे युनिफॉर्म घेऊ. एक दिवस नवरा म्हणाला, पासपोर्टच्या कामाला आम्ही बापलेक मस्कतला जाऊन येतो. गेले, आले. अल् खुवैरमधल्या हॉटेलातली बिर्याणीसुद्धा माझ्यासाठी आणली. काही आठवड्यांनी दुपारच्या चहाबरोबर मुलीने टेबलावर व्हिसा ठेवला. जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण, शिकता शिकता पगार, वृद्धाश्रमात. नवऱ्याला सगळं माहीत होतं. सही त्याची.

आयुष्यात माझ्याशी असं कोणी केलं नव्हतं. सौदा पक्का करून मग भाव सांगितला.

"लोकांच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला जातेस? मी यासाठी मशीन मारली?"

"आई, ते काम आहे. डिसेंट काम आहे."

"पाटीवर तुझं नाव आहे!"

"मी नव्हतं सांगितलं लावायला," ती म्हणाली. मग हळूच, "तू ऐकलंच नसतंस, म्हणून आधी नाही सांगितलं."

नवरा म्हणाला, "अगं, जरा शांतपणे..."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही क्रेन चालवा."

मी सांगितलं, जायचं तर जा, मग मला फोन करू नकोस. आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले. उंबऱ्याशी पोचेपर्यंत हाक येते. मी ओट्याशी उभी राहिले. बाहेर दोघं दबक्या आवाजात बोलत होती. हाक आली नाही. तिच्या जायच्या दिवशीही मी तशीच ओट्याशी उभी होते. बॅगेची चाकं फरशीवरून दारापर्यंत गेली, थांबली. बराच वेळ थांबली. मग जिन्यावर आपटत खाली गेली.

संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. दाराच्या मागच्या खुंटीला तो निळा साज असायचा. इतक्या वर्षांत कोणी काढला नव्हता. खुंटी रिकामी होती. मी कपाट उपसलं, माळा उपसला, नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "नेला असेल तिने."

"झाडू बांधायला नेला?"

"मला काय ठाऊक. नेला असेल."

तीन हिवाळे गेले. ती दर शुक्रवारी जेवणानंतर बापाला फोन करते. तो फोन घेऊन बाल्कनीत जातो, मी भांडी घासते. नळ बारीक सोडला तर बाल्कनीतलं ऐकू येतं. आणि माझा नवरा, ज्याला घरात चार शब्द बोलायला सांगावं लागतं, तो बाल्कनीत लाइन खराब असल्यासारखा मोठमोठ्याने तिचं प्रत्येक वाक्य परत म्हणतो. "काय म्हणतेस, बर्फ पडतोय? गुडघ्यापर्यंत? ... आजींना पोहे करून घातलेस? आवडले? ... सर्दी झाली? किती दिवस? औषध घेतलंस ना?" मी भांडं आपटते, म्हणजे त्याला कळावं की मी ऐकत नाहीये. एकदा तो म्हणाला, "काय, साजाची शिवण उसवली?" तेव्हा नळ मी पूर्ण बंद केला. पुढे तो नुसता "हं, हं" करत राहिला. ती उसवलेली शिवण मला किती दिवस टोचत होती! दुहेरी टीप मारली होती मी. कशावर ताणला असेल तिने?

अर्बाब गाळ्यात कावा, त्यांची ती बिनदुधाची कॉफी, प्यायला येतो तेव्हा दर वेळी विचारतो, बिन्त, म्हणजे मुलगी, कशी आहे? मी म्हणते, झेन, झेन, अलहम्दुलिल्ला. त्याला वाटतं आम्ही रोज बोलतो.

टीव्हीवर बर्फ मी एकटीच बघायची. नवरा शेजारी बसायचा, पण त्याला पालथं कधी आणि उभं कधी हेसुद्धा कळत नाही. आमची आता पंचविसावी, तिसावी यायची. नव्या पोरी आल्या होत्या, ठपाठप मारून जाणाऱ्या, पाचव्या गोळीला अडणं म्हणजे काय हे ज्यांना माहीतच नाही. ही मात्र अजून अडायची. तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या होत्या. कॅमेरा जवळ गेला की दिसायच्या. पाठीवरचा साज आता मस्त बसत होता. इतक्या वर्षांत कोणी तरी पट्टे खांद्यात दोन बोटं आत घेतले होते. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता.

नेमबाजीला ती उभी राहिली की माझ्या तोंडून भाव निघून जायचा. "तीन." समोरून "पाच" यायचं नाही. मग चहा मीच करायची, जिंकले तरी आणि हरले तरी.

गेल्या मार्चमध्ये, रमजान चालू होता आणि ईदच्या कपड्यांची गर्दी म्हणून मी दमून घरी आले होते. नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या तिची शेवटची शर्यत आहे म्हणे."

"कोणाची?"

"ती तुमची. कस्टमवाली. खेळणं सोडतेय."

"कोण म्हणे?"

"म्हणे," तो म्हणाला आणि पेपर उघडला.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही. तिने न विचारता सोडायचं ठरवलं याचाही आला.

दुसऱ्या दिवशी मी गाळा लवकर बंद केला. बाहेर इफ्तारआधीची शांतता होती, रस्त्यावर गाडी नाही. शर्यत सुरू झाली. सगळ्या एकदम सुटल्या, ती घोळक्यात मागेच. पालथ्या नेमबाजीत एक चुकली, फेरा मारला. शेवटची नेमबाजी उभ्याने. त्याच वेळी नवऱ्याचा फोन वाजला. आज शुक्रवार नव्हता. तो उठून बाल्कनीकडे निघाला.

"बसा इथेच," मी म्हटलं. "मधून जाऊ नका, दिसत नाही."

तो बसला. फोन कानाला. त्यातून मुलीचा आवाज आणि त्यामागे आणखी कोणाकोणाचे आवाज, म्हातारे, खरखरीत, जर्मन भाषेत ओरडणारे.

पडद्यावर आमचीने चार मारल्या. पांढरे, पांढरे, पांढरे, पांढरे. पाचवीला अडली. बोट तसंच. पाय थरथरायला लागले. मग तिने इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. बंदूक खाली घेतली, मान सैल सोडली, एक श्वास घेतला. पुन्हा खांद्याला लावली.

फोनमधून किंकाळी आली, "लागली! बाबा, लागली!"

"कुठे लागली?" मी ओरडले. "अजून मारली कुठे तिने!"

आणि मग आमच्या टीव्हीवर ती गोळी सुटली. ठिपका पांढरा झाला. तिकडचं चित्र आमच्या जुन्या डिशपेक्षा पुढे होतं.

नवरा फोन हातात धरून माझ्याकडे बघत होता. फोनमध्ये मागे म्हातारे टाळ्या वाजवत होते. मग मुलीचा आवाज आला, घाईघाईत, पूर्वी सोफ्यावरून यायचा तसा, "आई, आता बघ, ती थांबणार आहे. रागावू नकोस हां. ती थांबते."

"का थांबते? सगळ्या पुढे जातायत!"

आमच्या पडद्यावर ती अजून पळत होती. बंदूक पाठीवर, जोरात. मग खरंच थांबली. कुंपणाशी जाड कोट घातलेली एक बाई उभी होती. ती तिच्यापाशी गेली आणि काठ्या हातात तशाच धरून तिच्या गळ्यात पडली. मागून एक गेली, दुसरी गेली, चार जणी गेल्या.

"अगं पळ! पळ की मेले!"

"ती तिची आई आहे," मुलगी म्हणाली. "इथल्या आजी सांगतायत. आत्तापर्यंत एकदाही रेसला आली नव्हती. आवडायचं नाही तिला."

नवऱ्याने फोन हळूच माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि चहा करायला गेला. त्याला चहा येत नाही.

"आई?"

"साज कसा उसवला?"

"त्यात मी इथे आजींची ऑक्सिजनची बाटली बांधते. त्यांना बागेत फिरायचं असतं. बाटली जड आहे."

"वजन घ्यायला शिवला नव्हता तो. आत पट्टी लावावी लागेल. कॅनव्हासची."

"इथे कोणाला येत नाही. पाठवू?"

"पोस्टाने हरवेल."

"मग घेऊन येऊ? उन्हाळ्यात रजा आहे."

"उन्हाळ्यात इथे काय, भट्टी. सलालाला पाऊस तरी असतो तेव्हा."

"मग तूच ये. हिवाळ्यात. बर्फ बघ."

"मला गरम कपडे नाहीत."

"आई," ती म्हणाली, "टेलर आहेस ना तू?"

मी हो म्हटलेलं नाही. माझी तक्रार आहे तिथेच आहे. मला न विचारता केलं ते केलंच, आणि त्यात बापाची सही होती, हे मी दोघांनाही सोडणार नाही. ती जर्मन मुलगी त्या दिवशी कितवी आली ते मी बघितलंही नाही. पुढच्या हिवाळ्यात टीव्हीवर कोणाला ओरडायचं, हा प्रश्न आहेच.

ईद झाल्यावर सूकमध्ये गेले. कच्छी शेठच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर जाड लोकरीचा एक गडद निळा ठाण आहे. आमच्या मुलीच्या लहानपणापासून आहे. सोहारमध्ये तो कोण घेणार? मी खाली काढायला लावला. धूळ झटकली, नाक मुरडलं, कसर लागलीय म्हटलं, माझा भाव सांगितला. शेठ हटला नाही.

"भाभी, पूरे ओमान में दूसरा नहीं मिलेगा."

मी ठाण खाली ठेवला आणि पाठ फिरवली. दोन गिऱ्हाइकांच्या मधून, गल्ल्याच्या बाजूने, उंबऱ्यापर्यंत. बाहेर ऊन होतं. मी एक पाय बाहेर ठेवून थांबले.

हाक आली नाही.

मी वळले. शेठ हसत होता, हातात गज घेऊन.

"हसू नका," मी म्हटलं. "मापा. दोन कोटांचं."